पळसकोटचा पुकारा

१८ जानेवारी १९५३, रविवार

आज पुन्हा आबांशी खोटं बोलले.

"जावईबापू बरं हायेत ना?" — "बरे आहेत. कारखान्यात काम फार आहे." जीभ जराही अडखळली नाही. सवय झाली आता.

हे जबलपूरला गेले त्याला वर्ष होत आलं. बदली झाली तेव्हा म्हणाले होते, क्वार्टर मिळालं की बोलावतो. क्वार्टर मिळालं. त्यात दुसरी बाई राहते. शेजारच्या वहिनींनी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. मग अंबरनाथचं घर सोडावं लागलं. आता मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, अर्ध्या बराकीत राहते आणि सिंधमधून आलेल्या पारपती अम्माकडे पापड लाटते. आबांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्या हिशेबी त्यांची काशी अजून अंबरनाथच्या क्वार्टरात नवऱ्याला गरम भाकरी वाढते आहे.

आबांकडे पळसकोटला जायचं म्हणजे बदलापूरला उतरून शेतांमधून चालायचं आणि मग चढ. आज निम्म्यातच दम लागला. वर गेल्यावर आबांनी माझा हात हातात घेतला, उलटा करून बघितला. म्हणाले, "मिऱ्याचा वास येतो गं." म्हटलं, घरी पापड केले. तेवढं तरी खरं होतं.

२० जानेवारी

कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिते. नाहीतर आबांनंतर पुकारा कुणाला कळणार?

पळसकोट म्हणजे नुसता किल्ला नाही, गाव आहे. तटाच्या आत घरं, देऊळ, पाण्याची टाकी. राजे आले, गेले, गाव तिथंच. आमच्या घराण्याकडे दरवाजा. दिवस मावळला की आबा दरवाजाच्या माथ्यावर चढतात आणि जी माणसं खाली गेली ती परतली नसतील त्यांची नावं पुकारतात. "पळसकोटचं कोन खाली हाय?" आणि मग एकेक नाव. उतारावरून "आलो" अशी ओ यायची. ओ आली नाही तर मोठं दार लागायचं, पण त्यातल्या छोट्या दाराला, दिंडीला, अडसर घालायचा नाही. बाजूच्या भिंतीतल्या देवळीत दिवा ठेवायचा.

हे का, तर फार मागे कधीतरी शत्रू चढून आला तेव्हा दरवाजावरच्या माणसानं घाबरून दार लावून घेतलं. गवत कापायला गेलेल्या बायका बाहेर राहिल्या. थापा मारत राहिल्या. त्यात त्याची स्वतःची बायको होती. दाराशी उभा दगड आहे, त्यावर हात वर केलेल्या बायका कोरल्यात. तो माणूस आमचा पूर्वज. म्हणून पुकारा आमच्या घराकडे — मान म्हणून नव्हे, शिक्षा म्हणून. आबा हे सांगताना कधी लाजत नाहीत.

आणि लेकीचं असं, की लग्न होऊन ती गड उतरते त्या संध्याकाळी तिचं नाव शेवटचं पुकारतात. तिनं ओ द्यायची नसते. मग तिचं नाव सुटतं. त्यानंतर ती पाहुणी. आली तर पुकाऱ्याआधी उतरायचं, नाहीतर मुक्काम करायचा.

माझ्या वेळी मी पहिल्या वळणावर उभी होते. आबांचा आवाज आला, "काशीऽऽ". ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडात कोंबला.

८ फेब्रुवारी, रविवार

गडावर आज पाहुणे. हेमचंद्र कोठारे, मुंबईच्या कॉलेजात इतिहास शिकवतात. सोबत मोजमापाची टेप, कॅमेरा, थर्मास. बोलायला साधे. आबांनी हौसेनं सगळा तट फिरवून दाखवला. मीही मागून.

जेवल्यावर त्यांनी एका विलायती मासिकातला फोटो दाखवला. फ्रान्समधलं गाव. डोंगराच्या माथ्यावर, भोवती तट, एकच दरवाजा, आत दगडी घरं एकमेकांना खेटून. शेकडो वर्षं जुनं. लढाया झाल्या, वेढे पडले, तरी अजून लोक तिथंच राहतात म्हणे. तटाचा दगड पडला तर सरकार बसवून देतं. लांबलांबून माणसं बघायला येतात.

आबांनी फोटो खूप वेळ धरला. मग विचारलं, "सांजचं दार कोन लावतो तितं?"

सर हसले. "लावत नाहीत आता. उघडंच असतं."

"मंग त्यांची सगली मानसं घरला आली असतील," आबा म्हणाले.

आपण सरकारला लिहून बघतो, सर म्हणाले. पळसकोटही राखायला हवा. जाताना तो फोटो त्यांनी मला दिला.

उतरताना ते विचारत होते, बाबा रोज कुणाला पुकारतात? आता तर सगळे दिवसाउजेडीच परततात. मी सांगितलं — माझ्या भावाला. रघुदादा लढाईवर इटलीत होता. बेपत्ता झाल्याची तार आली. लढाई संपून आठ वर्षं होत आली. आबा त्याचं नाव सोडत नाहीत.

११ फेब्रुवारी

फोटो भिंतीला लावला. त्यात एका खिडकीत कपडे वाळत घातलेत. तिथल्या बायकांनासुद्धा धुणं चुकत नाही.

पारपती अम्मानं लाटणं खाली ठेवून बघितलं. "ये तो हमारे जैसा है." सिंधमध्ये तिच्या गावालाही कोट होता, फाटक होतं. "जब निकले ना काशी, किसीने फाटक बंद नहीं किया. बंद करके क्या करते, सब तो बाहर थे." मग लगेच, "हाथ चला, हाथ चला, आटा सूख रहा है." अम्माचं असंच आहे. रडू यायला लागलं की कामाला लावते.

१६ मार्च

पाडवा. गुढी नाही उभारली. कुणासाठी?

१९ एप्रिल, रविवार

धोंड्याचा महिना लागला. मला या महिन्याची धास्तीच होती. जावयाला बोलावून वाण द्यायचं, त्याला गोडधोड जेवू घालायचं. आबांनी गोजरबाईकडून अनारसे करून घेतलेले. गोजरबाई म्हणजे आमची शेजारीण, आईच्या माघारी तिनंच मला वेणीफणी केली. नवं धोतर आणलेलं, त्यावर चांदीची इवलीशी निरांजनी. ती कशी आणली असेल, देव जाणे.

"जावईबापू नाय आलं?"

"सुट्टी नाही, आबा."

"रैवारची पन नाय?"

"दुहेरी पाळी आहे." कुठून सुचलं कोण जाणे.

म्हटलं, माझ्याकडे द्या, मी नेते. अनारसे दिले. धोतर आणि निरांजनी नाही दिली. "ह्ये जावयाच्या हातातच द्यायचं अस्तंय. मीच येईन खाली." मी घाईघाईनं म्हटलं, तुमचे गुडघे दुखतात, अजिबात यायचं नाही, मला तुमची काळजी लागून राहते. जरा रागावूनच बोलले.

पुकाऱ्याआधी उतरले, नेहमीसारखी. आज राहिले असते तर? राहिले असते तर सांगून टाकलं असतं, एवढं नक्की. म्हणून तर नाही राहिले. एक मुलगा गमावलेल्या माणसाला काय सांगायचं — लेकीचंही घर मोडलं म्हणून? आणि सांगून जायचं कुठं? माझं नाव सुटलेलं आहे. पाहुणीला जन्मभर कोण ठेवतं?

२० एप्रिल

अनारसे अम्माच्या पोरींना वाटले. जावयाचे अनारसे सिंध्यांच्या पोरींनी आवडीनं खाल्ले. एक मी खाल्ला. पाण्याबरोबर गिळला.

आजपासून या वहीत "हे" लिहायचं नाही. चिंतामणी. चिंतामणी जबलपूरला राहतो. लिहून टाकलं. आभाळ काही कोसळलं नाही.

१७ मे, रविवार

वरचं टाकं तडकलं. पाणी राहत नाही. चार घरांनी गड सोडायचं ठरवलंय. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, पायथ्याशी, नवी वाडी बसते आहे. विहीर आहे, सडक जवळ आहे. त्यांना तरी काय बोलणार? पोटुशी बाई घागर घेऊन किती चढणार?

आबांनी आज जावयाचं विचारलं नाही. बरं झालं, एक खोटं वाचलं.

मी निघताना म्हणाले, "बाय, काय लागलं तं सांग." मी म्हटलं, मला काय लागणार?

१९ जुलै

पावसात गड चढवत नाही. पापडांचंही काम मंद. अम्मा लोणच्यावर बसवते. रात्रंदिवस अंगाला मोहरीचा वास.

कोठारे सरांचं कार्ड आलं, कारखान्यातल्या ओळखीच्यांनी इकडे पोचवलं. सरकारकडून उत्तर आलं आहे — सध्या पैसा नाही, पुढे बघू. सरांनी खाली लिहिलंय, "क्षमा करा." त्यांचा काय दोष?

३० ऑगस्ट

बाजाराला आलेल्या वाडीच्या बाईकडून कळलं, मागच्या अंगाचा तट ढासळला. देवळाजवळची घरं रिकामी झाली. लोकांनी आपापल्या घरांचे वासे, दारं, पाटे-वरवंटे सगळं खाली नेलं. वर आता आबा आणि गोजरबाई, दोघंच. गोजरबाईचा मुलगा चंदू खाली घर बांधतोय, पण म्हातारी म्हणते, बुधाजी (म्हणजे आबा) उतरला की मी उतरेन.

तो फोटो काढून वहीत ठेवला. बघवेना.

११ ऑक्टोबर, रविवार

आज भांडले. बापाशी भांडले.

वर गेले तर गाव उघडं पडलेलं. घरांना छपरं नाहीत. देवळात शेळी. आबा मात्र अंगण सारवून बसलेले. सोललेल्या खोबऱ्यासारखे वाळलेत. म्हटलं, खाली चला, चंदू एक खोली देतोय. "नाय." का नाही? "दाराला मानूस लागतं." मग माझा तोल गेला. म्हटलं, कसलं दार? मागचा तट पडलाय, कुणीही मागून चालत येईल. कुणासाठी दिंडी उघडी ठेवता?

"मानूस खाली हाय तवर अडसर नाय घालायचा."

"कोण आहे खाली? दादा नाही आबा. दादा येणार नाही. कुणाला पुकारता?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाय."

तेवढंच. मी पायांत चपला सरकवल्या आणि उतरले. गोजरबाई मागून हाक मारत होती, वळूनही बघितलं नाही.

आता लिहून टाकते, वही कुणाला सांगायला जात नाही. मला राग दादाचा येतो. मेलेल्या भावाचा राग येतो. आठ वर्षं रोज त्याच्या नावानं हाक, त्याच्या नावानं दिवा. आणि मी जिवंत, इथं जवळ, माझं घर बुडालं तरी माझ्या नावानं कुणी हूं नाही की चूं नाही. लेकीचं नाव सुटतं म्हणजे सुटतंच.

१३ ऑक्टोबर

लाटता लाटता पापडावर पाणी पडलं. अम्मा म्हणाली, "पसीना है?" मी म्हटलं, हो. "तो पोंछ ले," म्हणाली आणि तो पापड स्वतःच्या ताटात घेतला.

८ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

गडावरून लिहिते आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मुक्काम.

रागावलेय तर रागावलेय, भाऊबीजेला बापाला एकटं कसं सोडायचं? आले तर आबा तापानं फणफणलेले. गोजरबाई काढा करत होती. आता पाणी खालच्या झऱ्यावरून आणायचं, तिच्या एकटीनं होत नाही. दोन खेपा मी केल्या. आबांचं डोकं चेपलं, पेज पाजली. दुपारून ताप उतरला. उन्हं कलली तसे आबा म्हणाले, "निघ आता, बाय. वख्त होईल." म्हटलं, आज राहते.

त्यांना नीट ऐकू आलं नाही की काय, त्यांनी पुन्हा विचारलं. राहते, म्हटलं. तर उठूनच बसले! गोजरबाईला सांगितलं, तांदळाच्या भाकऱ्या कर.

दिवस मावळला तसे काठी घेऊन निघाले. मी नको नको म्हणत मागे. मला वाटलं, भाऊबीज आहे, आज दादाला हाक घालतील आणि मला ती ऐकावी लागेल. कानावर हात ठेवायची तयारी करूनच गेले होते. आबा दरवाजाच्या माथ्यावर उभे राहिले. खाली बघितलं. वाऱ्यावर गवत हलत होतं, बाकी काही नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि कुणालाच पुकारलं नाही. खाली आले, मोठं दार लावलं, दिंडी लावली, आणि भिंतीच्या खाचेतून तो भला मोठा लाकडी अडसर ओढून आरपार घातला. माझी मदत घेतली नाही. देवळीत दिवाही ठेवला नाही.

मी तेव्हा काही विचारलं नाही. आता ते घोरताहेत, इतके गाढ की लहान मूलही तसं झोपणार नाही. आणि मला झोप नाही. माझ्या त्या दिवशीच्या बोलण्यानं हे झालं. मी दादाला त्यांच्या तोंडातून काढून घेतलं. आठ वर्षं जपलेली आशा मी एका रागाच्या भरात मारून टाकली, आणि तेही भाऊबीजेच्या दिवशी कळावं मला!

९ नोव्हेंबर

सकाळी आबा तरतरीत. "ऱ्हा चार दिस." मी म्हटलं, घरी जेवणाची पंचाईत होते. कुणाची, ते बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. नुसती मान हलवली.

खरं तर सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण रात्री दादाला नेलं, सकाळी जावयाला कसं नेऊ?

दिंडीतून बाहेर पडले. वळणावरून मागे बघितलं, ते दाराशी उभेच होते.

३ डिसेंबर

आबा गेले.

चंदू दुपारी आला. मी वाळवण आत घेत होते. गल्लीच्या तोंडाशी तो दिसला आणि मला कळलं. पहाटे गोजरबाई उठवायला गेली तर गार पडलेले.

५ डिसेंबर

मी पोचेपर्यंत सगळं थांबवलं होतं. अग्नी चंदूनं दिला. वाडीची सगळी माणसं वर आली होती, त्यांचं गाव त्यांना एकदा भरलेलं दिसलं. चिंतामणीला कळवायचं का, असं कुणीतरी विचारलं. गोजरबाई मध्येच म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

एकच बोचतं आहे. दिंडीला अडसर नव्हता. देवळीत दिवा होता, वात जळून संपलेली, पणती काळी. म्हणजे माझ्यानंतर पुन्हा सुरू केलं त्यांनी. शेवटच्या संध्याकाळीही दादाच. असू दे. निदान मी त्यांची आशा मारली नाही, एवढं तरी माझ्या माथ्यावर नाही.

पण मला वाईट वाटलं. का खोटं बोलू? मला वाटलं होतं, शेवटी तरी एकदा माझी आठवण काढली असेल.

७ डिसेंबर

आत्ता लक्षात आलं. चंदू इथं आलाच कसा? वाडीत सगळ्यांना मी अंबरनाथलाच राहते असं माहीत. तो क्वार्टरवर गेलाच नाही, सरळ कॅम्प चारला, सरळ अम्माच्या बराकीशी. त्याला पत्ता कुणी दिला?

१५ डिसेंबर

तेरावं झालं. गोजरबाईनं एक पुडकं हातात दिलं. जावयाचं धोतर, निरांजनी. म्हणाली, "धोंड्याच्या म्हयन्यात बुधाजी ह्ये घेऊन अंबरनाथला उतरला व्हता. तितं दुसरीच मानसं. इचारत इचारत तुज्या कॅम्पात आला. तू पापड लाटीत व्हतीस. लांबूनच बघितलं न् माघारी आला. बोलला, तिनं सांगितलं नाय म्हनजे तिला सांगायचं नाय. आपन इचारायचं नाय."

मी विचारलं, मग दादाला पुकारणं भाऊबीजेलाच का थांबवलं?

"रघूचं नाव त्यानं तवाच सोडलं, बायो. त्या दिसापासून रोज सांजचं एकच नाव, काशी. भाऊबीजंला तू आत व्हतीस. कुनाला पुकारनार?"